यंत्राला त्याची मांडणी विचारताना

दोन सॉकेटच्या सर्व्हरचे झाकण उघडले की आत दोन मोठे प्रोसेसर आणि त्यांच्या दोन्ही अंगांना मेमरीच्या पट्ट्यांच्या रांगा दिसतात. डोळ्यांना दिसते ते एवढेच. प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात कित्येक कोअर असतात, प्रत्येक कोअरपाशी त्याची स्वतःची लहान कॅशे असते आणि अनेक कोअरमध्ये मिळून एक मोठी कॅशे असते. शिवाय प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या बाजूची मेमरी जवळची आणि पलीकडच्या प्रोसेसरची मेमरी लांबची. अगदी जवळच्या कॅशेतला आकडा कोअरला चार-पाच क्लॉक सायकलींत मिळतो. मुख्य मेमरीतून तोच आणायला साधारण शंभर नॅनोसेकंद जातात, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या जवळपास तीनशे सायकली. पलीकडच्या सॉकेटकडे मागितला तर आणखी वेळ. एकमेकांशी सतत देवाणघेवाण करणारे दोन थ्रेड एकाच कॅशेपाशी बसले तर प्रोग्रॅम सुसाट धावतो आणि दोन सॉकेटांत विभागले गेले तर तोच प्रोग्रॅम रखडतो. थ्रेड कुठे बसवायचे हे ठरवण्यासाठी प्रोग्रॅमला यंत्राची अंतर्गत मांडणी विचारावी लागते, आणि ती विचारायची सोय म्हणजे मांडणी सांगणारा प्रोग्रॅमिंग इंटरफेस.

अशा इंटरफेसांचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास हा बराचसा फसलेल्या गृहीतकांचा इतिहास आहे. यंत्र दर दोन-तीन वर्षांनी बदलते. एकदा लोकांच्या हाती गेलेले फंक्शन मात्र वीस वर्षे तसेच राहते, आणि ते लिहिताना समोर जे यंत्र होते त्याचा ठसा त्यावर कायमचा उमटलेला असतो.

सर्वांत जुना प्रश्न ‘प्रोसेसर किती?’ हा. एका सॉकेटात एक प्रोसेसर आणि त्यात एकच कोअर होता तोवर याचे उत्तर एका आकड्यात देता येत असे. २००१ मध्ये आयबीएमच्या पॉवर-४ ने एका चिपवर दोन कोअर आणले आणि २००२ मध्ये इंटेलने पेंटियम-४ मध्ये हायपरथ्रेडिंग दिले. त्याबरोबर एका आकड्याचे तीन आकडे झाले: सॉकेट किती, कोअर किती आणि ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणारे लॉजिकल प्रोसेसर किती. हायपरथ्रेडिंगमधले दोन लॉजिकल प्रोसेसर म्हणजे एका स्वयंपाकघरात मांडलेली दोन बिऱ्हाडे. दारावरच्या पाट्या दोन, चूल एकच.

आकडे तीन झाले तरी लोक भागाकाराने काम भागवत राहिले. लॉजिकल प्रोसेसरना कोअरने भागले की दर कोअरमागे थ्रेड किती ते कळते, असा हिशोब. तो बरीच वर्षे चालला. २०२१ मध्ये इंटेलचा अल्डर लेक आला. त्यातल्या आय-९ १२९००के या प्रोसेसरमध्ये आठ मोठे कोअर आहेत, प्रत्येकी दोन थ्रेडचे, आणि आठ लहान कोअर आहेत, प्रत्येकी एकाच थ्रेडचे. एकूण कोअर १६, लॉजिकल प्रोसेसर २४. चोवीसला सोळाने भागले तर दीड येते आणि पूर्णांकी भागाकारात एक. हायपरथ्रेडिंग नाहीच, असा निष्कर्ष काढून प्रोग्रॅम मोकळा होतो. चूक भागाकाराची नाही. सगळे कोअर सारखेच असतात हे इंटरफेस लिहिणाऱ्याने न बोलता धरून चालले होते, आणि ‘दर कोअरमागे थ्रेड’ असा एकच आकडा देणारे फंक्शन ते गृहीतक सोडू शकत नाही.

मुळात कोअर कशाला म्हणायचे यावरही एकमत नाही. एएमडीच्या २०११ च्या बुलडोझर रचनेत पूर्णांकी गणिताचे दोन विभाग मिळून एक मॉड्यूल होत असे, पण दशांशी गणिताचा विभाग दोघांत एकच होता. कंपनीने हे दोन कोअर मोजले. काही ग्राहकांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला, आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड झाली. जो शब्द न्यायालयापर्यंत जातो, त्याच्या संख्येवर सगळी भिस्त ठेवणारा इंटरफेस कच्च्या पायावर उभा असतो.

संख्येपेक्षा उपयोगी प्रश्न वाटणीचा आहे. चाळीत बिऱ्हाडे किती हे कळून पाण्याची भांडणे का होतात ते कळत नाही. त्यासाठी एका नळावर कोणकोणती बिऱ्हाडे आहेत हे विचारावे लागते. प्रोग्रॅमलाही तेच हवे असते: ही कॅशे कोणाकोणात सामाईक आहे, या मेमरीला जवळचे कोअर कोणते, हा थ्रेड आणि तो थ्रेड एका चुलीवर आहेत का. हे ज्या इंटरफेसांना उमगले ते टिकले.

उत्तराचा उगम प्रोसेसरमध्येच आहे. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ‘सीपीयूआयडी’ नावाची एक सूचना असते. ती ज्या लॉजिकल प्रोसेसरवर चालते त्याच्यापुरतीच माहिती देते. म्हणून पूर्ण यंत्राची मांडणी हवी असेल तर थ्रेडला प्रत्येक प्रोसेसरवर आळीपाळीने बसवून तोच प्रश्न विचारत हिंडावे लागते, जनगणनेच्या प्रगणकासारखे घरोघर. प्रत्येकाकडून त्याचा ‘एपिक आयडी’ मिळतो. हा क्रमांक पिनकोडसारखा असतो. ४११०३० मधला पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पुणे जिल्हा कळतो आणि शेवटच्या तिनांवरून टपाल कार्यालय. एपिक आयडीतही तसेच: खालचे बिट थ्रेडचे, त्यावरचे कोअरचे, सर्वांत वरचे सॉकेटचे. फरक असा की पिनकोडमध्ये कोणती जागा कशाची हे १९७२ पासून ठरलेले आहे. प्रोसेसरमध्ये ते ठरवून टाकले असते तर पुढच्याच पिढीत बिट अपुरे पडले असते.

म्हणून इंटेलने २००८ च्या नेहॅलेमपासून प्रश्नाचीच पद्धत बदलली. नव्या पद्धतीत प्रोग्रॅम पातळी शून्यपासून विचारत जातो. प्रत्येक पातळी दोन गोष्टी सांगते: आपण कोणत्या प्रकारच्या, आणि पुढच्या पातळीचा क्रमांक मिळवायला एपिक आयडी किती बिट उजवीकडे सरकवायचा. प्रकार शून्य आला की पातळ्या संपल्या. पुढे मॉड्यूल, टाइल, डाय अशा नव्या पातळ्या मधे घालायची वेळ आली. नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमला अनोळखी पातळी भेटली तरी तो ती ओलांडून पुढे जाऊ शकत होता. तरीही जुन्या प्रश्नाच्या उत्तरात नव्या पातळ्या घुसवणे धोक्याचे होते, कारण ‘पातळ्या दोनच’ असे धरून लिहिलेले प्रोग्रॅम जगभर पसरले होते. त्यामुळे नव्या पातळ्यांसाठी वेगळ्या क्रमांकाचा नवा प्रश्न काढावा लागला. मोकळी जागा ठेवून कागदपत्रे लिहिणे वेगळे आणि वाचणाऱ्याने ती मोकळी जागा मानणे वेगळे.

बिटांच्या या मांडणीचा एक परिणाम पुष्कळांना बुचकळ्यात टाकतो. सहा कोअरसाठी तीन बिट राखले की आठ क्रमांक होतात, दोन रिकामे राहतात. मधल्या जागा सोडल्या तर क्रमांक आणखी पुढेही जातात: इंटेलच्या २०१० च्या सुमाराच्या सहा कोअरच्या काही झिऑन प्रोसेसरवर लिनक्स कोअर क्रमांक दाखवत असे ०, १, २, ८, ९, १०. सहा घरांची यादी करून कोअर क्रमांकाने त्यात घर शोधणारा प्रोग्रॅम आठव्या घरापाशी कोसळतो. क्रमांक ही ओळख आहे, मोजदाद नव्हे, हे इंटरफेसने नावातूनच सांगायला हवे.

लिनक्समध्ये ही माहिती सुरुवातीला ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘सीपीयूइन्फो’ या फाइलमध्ये मिळत असे, आजही मिळते. ती माणसाने वाचावी अशी फाइल आहे. इंटेलच्या यंत्रावर तिच्यात फिजिकल आयडीची ओळ असते, ६४-बिट एआरएमच्या यंत्रावर ती ओळच नसते. लोकांनी मात्र तिच्यातले शब्द शोधून, ओळी मोजून प्रोग्रॅम लिहिले, आणि मग कर्नलला त्या फाइलचा मजकूर हलवणे अवघड होऊन बसले. एखादी गोष्ट छापून दाखवली की ती इंटरफेसच होते, मग छापणाऱ्याचा हेतू काहीही असो. पुढे आलेल्या ‘सिस’ फोल्डरमध्ये शिस्त वेगळी आहे: एका फाइलमध्ये एकच माहिती. प्रत्येक प्रोसेसरच्या नावाचे फोल्डर, त्यात त्याची प्रत्येक कॅशे, तिचा आकार आणि ती कोणाकोणात सामाईक आहे त्या प्रोसेसरांची यादी, ‘०-३,८-११’ अशा रूपात. वाटणीचा प्रश्न इथे सरळ विचारता येतो. पुढे २०१९ मध्ये लिनक्स ५.३ मध्ये ‘डाय’ या नव्या पातळीसाठी नव्या फाइली आल्या आणि जुन्या फाइलींना हातही लावावा लागला नाही.

प्रोसेसरांचा असा संच साठवायचा कशात, हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा. सर्वांत सोयीची जागा म्हणजे एक पूर्णांक: प्रत्येक प्रोसेसरला एक बिट. विंडोजने हेच केले. ६४-बिट पूर्णांकात ६४ प्रोसेसर मावतात, आणि ती मर्यादा निवडली गेली तेव्हा कोणाला टोचली नसणार. पासष्टाव्या प्रोसेसरची वेळ आल्यावर मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर-२ मध्ये ‘प्रोसेसर ग्रुप’ आणले: जास्तीत जास्त ६४ प्रोसेसरांचा एक गट आणि तेव्हा एकूण २५६ पर्यंत प्रोसेसर. जुने प्रोग्रॅम मोडले नाहीत, पण ते एकाच गटात अडकले. ९६ लॉजिकल प्रोसेसरच्या यंत्रावर ४८-४८ चे दोन गट पडले की जुन्या प्रोग्रॅमला अर्धेच यंत्र दिसते. विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ पासून थ्रेड आपोआप सर्व गटांत पसरू लागले.

त्याच विंडोज ७ मधल्या नव्या फंक्शनने एक गोष्ट मात्र नेटकी केली. ते एकामागून एक नोंदी परत देते, आणि प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तिचा प्रकार आणि तिची लांबी असते. प्रकार ओळखीचा नसेल तर लांबी पाहून उडी मारायची. आकार आधी माहीत नसल्याने हे फंक्शन दोनदा कॉल करावे लागते: पहिल्यांदा रिकाम्या हातांनी, तेव्हा ते चूक म्हणून परत येते आणि किती जागा लागेल ते सांगते, दुसऱ्यांदा तेवढी जागा घेऊन. नवशिक्यांना ही पद्धत विचित्र वाटते, पण ती मोकळी आहे.

लिनक्सची गोष्ट अधिक करमणुकीची. थ्रेडला ठरावीक प्रोसेसरांवर बांधणारे फंक्शन जीलिबसी लायब्ररीच्या २.३ आवृत्तीत आले, त्यात संचाचा आकार सांगणारा एक आर्ग्युमेंट होता. २.३.३ मध्ये तो काढला. २.३.४ मध्ये तो परत आणला, पण वेगळ्या प्रकारचा. नाव तेच आणि रूपे तीन, म्हणजे एका यंत्रावर कंपाइल होणारा प्रोग्रॅम शेजारच्या यंत्रावर अडतो. ओपन एमपीआय या समांतर संगणनाच्या प्रकल्पातल्या लोकांना केवळ हा गोंधळ झाकण्यासाठी ‘पीएलपीए’ नावाची छोटी लायब्ररी लिहावी लागली. वादाच्या मुळाशी असलेला तो आर्ग्युमेंट किती महत्त्वाचा होता ते पुढे दिसले. जीलिबसीचा ठरीव संच १,०२४ प्रोसेसरांचा आहे. त्याहून मोठ्या यंत्रासाठी मोठा संच मागून घेता येतो तो आकार वेगळा सांगायची सोय आहे म्हणूनच.

पीएलपीए आणि फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या इन्रिया संशोधन संस्थेतले लिबटोपॉलॉजी हे काम एकत्र होऊन ‘एचडब्ल्यूलॉक’ ही लायब्ररी झाली. तिची १.० आवृत्ती २०१० ची. आज महासंगणकांवरच्या बहुतेक समांतर प्रोग्रॅमांच्या तळाशी ती कुठे ना कुठे सापडते. तिचा गाभा दोन कल्पनांचा आहे. यंत्र म्हणजे एक झाड: मुळाशी यंत्र, मग पॅकेज, कॅशे, कोअर आणि पानांवर लॉजिकल प्रोसेसर. आणि झाडावरची प्रत्येक वस्तू म्हणजे तिच्याखालच्या प्रोसेसरांचा संच. संच बिटमॅपमध्ये ठेवलेला, लागेल तेवढा लांब. दोन वस्तूंचा संबंध काय, हा प्रश्न मग दोन संचांचा छेद काढण्याइतका सोपा होतो. पातळी कोणती, तिचे नाव काय, मधे आणखी कोणत्या पातळ्या आहेत, याची फिकीर करावी लागत नाही.

तिथे प्रत्येक वस्तूला दोन क्रमांक आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला क्रमांक आणि झाडावर डावीकडून उजवीकडे मोजलेला क्रमांक. काही सर्व्हरमध्ये ०, २, ४ हे प्रोसेसर एका सॉकेटात आणि १, ३, ५ दुसऱ्यात असतात. काहींमध्ये पहिले सगळे एका सॉकेटात. जुन्या गल्लीत बारा नंबरच्या घराशेजारी सत्तेचाळीस नंबर असावा तसा प्रकार. शेजारी हवा असेल तर झाडावरचा क्रमांक वापरायचा, ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलायचे तर तिचा. ‘या प्रकारच्या वस्तू कोणत्या पातळीवर?’ असे विचारल्यावर ही लायब्ररी वजा एक उत्तर देऊ शकते, म्हणजे अशी पातळी नाही. किंवा वजा दोन, म्हणजे एकाहून अधिक पातळ्यांवर आहेत. प्रश्न विचारणाऱ्याची एक पातळी असेलच ही समजूत इंटरफेस गुपचूप मान्य करत नाही.

एवढे करूनही झाड मोडलेच. इंटेलच्या २०१६ च्या नाइट्स लँडिंग प्रोसेसरमध्ये नेहमीच्या मेमरीबरोबर १६ जीबीची अतिवेगवान मेमरी त्याच पॅकेजात होती. एका पद्धतीने यंत्र चालू केले तर ती वेगळा मेमरी-नोड म्हणून दिसे आणि तेच कोअर दोन्ही नोडांना जवळचे ठरत. झाडात एका वस्तूला पालक एकच असतो. कोअर कोणत्या नोडाखाली लटकवायचे? शिवाय कर्नलने ही मौल्यवान मेमरी सटरफटर कामांना वाटून टाकू नये म्हणून फर्मवेअर तिचे अंतर मुद्दाम जास्त सांगत असे. अंतराच्या तक्त्यात जवळच्या मेमरीला १० ही खूण असते. इथे साध्या मेमरीला १० आणि वेगवान मेमरीला ३१. म्हणजे यंत्रातली सर्वांत वेगवान मेमरी कागदोपत्री सर्वांत लांब. तक्ता वाचून हुशारीने वागणारा प्रोग्रॅम नेमका उलट निर्णय घेई.

एचडब्ल्यूलॉकची २.० आवृत्ती जानेवारी २०१८ मध्ये आली, आणि तिच्यात मेमरी झाडाच्या मुख्य खोडावरून काढून फांद्यांना बाजूने टांगली गेली. एका फांदीला अशी कितीही मेमरी टांगता येते. हा बदल जुन्या प्रोग्रॅमांना मोडणारा होता, तो तसा जाहीर करूनच केला गेला. २०२० च्या आवृत्त्यांनी आणखी एक पाऊल टाकले: वेग, विलंब, क्षमता ही मेमरीची गुणवैशिष्ट्ये म्हणून विचारता येऊ लागली आणि कोअरच्या जातीही. ‘वेगवान मेमरी कोणती?’ याचे उत्तर नावावरून न काढता मापावरून काढता येते. ॲपलनेही आपल्या प्रोसेसरांसाठी असेच शहाणपण दाखवले आहे. मोठा कोअर, लहान कोअर अशी नावे इंटरफेसमध्ये न घालता तिथे कामगिरीच्या पातळ्या आहेत, शून्य ही सर्वांत वरची. तिसरी जात आली तर फक्त आकडा वाढेल.

यंत्रात काय आहे आणि प्रोग्रॅमला काय वापरायची मुभा आहे, हे दोन प्रश्न वेगळे. कंटेनरांचे युग आले तेव्हा ही गफलत महागात पडली. ६४ प्रोसेसरच्या यंत्रावर दोन प्रोसेसरएवढ्या मर्यादेचा कंटेनर, त्यात जावाचा प्रोग्रॅम. जुनी जावा यंत्राकडे पाहून ६४ मोजत असे, आणि तिच्या नेहमीच्या सूत्राने मेमरी साफ करायलाच ४३ थ्रेड उभे करत असे. दोन माणसांच्या जेवणाला त्रेचाळीस वाढपी. २०१८ मध्ये जावा १० मध्ये आणि त्याच वर्षी जावा ८ च्या सुधारित आवृत्तीत हे दुरुस्त झाले. पायथनमध्ये यंत्रातले प्रोसेसर आणि या प्रोसेसला मिळू शकणारे प्रोसेसर यांसाठी दोन वेगळी फंक्शने २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून आहेत. पण कंटेनरची मर्यादा अडीच प्रोसेसर अशीही असू शकते. तो मग कोणता संच नव्हे, वेळेचा वाटा असतो, आणि संचांवर उभारलेल्या इंटरफेसपाशी त्याला जागाच नसते. जावा सरळ वरचा पूर्णांक धरते आणि तीन सांगते.

उत्तर बदलतेही. सुरुवातीच्या बहुकोअर अँड्रॉइड फोनांत वीज वाचवायला कोअर बंद केले जात, आणि त्या क्षणी मोजणाऱ्या ॲपला चारऐवजी एकच कोअर सापडे. लिनक्स म्हणूनच तीन याद्या ठेवतो: शक्य, हजर आणि चालू. एचडब्ल्यूलॉकने याबाबत बाजू घेतली आहे. ती एकदा छायाचित्र काढते आणि मग त्याच छायाचित्रातून उत्तरे देते. चित्र शिळे होऊ शकते, पण आतल्या आत विसंगत होत नाही, आणि गणित चालू असताना अर्धे झाड जुने, अर्धे नवे असण्यापेक्षा ते परवडते. छायाचित्र एक्सएमएल फाइलमध्ये साठवताही येते. त्याचा फायदा दुहेरी. महासंगणकाच्या एका नोडवर शंभर प्रोसेस एकदम सुरू झाल्या तर प्रत्येकीने ‘सिस’मधल्या हजारो फाइली चाळण्याऐवजी एकीचे चित्र सर्वांना देता येते. आणि विकासकाला जे यंत्र कधी हात लावायला मिळणार नाही, त्याची मांडणी लॅपटॉपवर लोड करून प्रोग्रॅम तपासता येतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र सगळे इंटरफेस सारखेच हतबल असतात. तिथली मांडणी हायपरव्हायझर सांगेल ती. आठ व्हर्च्युअल प्रोसेसर आठ वेगळ्या सॉकेटांत आहेत असे तो सांगू शकतो, आणि प्रत्यक्षात ते चार कोअरचे आठ हायपरथ्रेड असू शकतात. सीपीयूआयडी, कर्नल, लायब्ररी, सगळे तीच ऐकीव माहिती एकमेकांना देत राहतात. अशा वेळी दोन थ्रेड दोन व्हर्च्युअल प्रोसेसरांवर बांधतात, मेमरीतल्या एकाच जागेवर त्यांना आळीपाळीने लिहायला लावतात आणि एका फेरीला किती नॅनोसेकंद लागले ते मोजतात. प्रत्येक जोडीसाठी हे केले की एक तक्ता तयार होतो. त्यात एका कोअरचे सोबती सर्वांत कमी आकड्यांनी, एका कॅशेचे भागीदार त्याहून थोड्या जास्त आकड्यांनी आणि पलीकडच्या सॉकेटातले कित्येक पट मोठ्या आकड्यांनी ओळखू येतात.